हरणांसाठी कोणते धान्य पेरावे? अमेरिकेतील फूड प्लॉटच्या पीकनिवडीमागचे शास्त्र

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, विशेषतः विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांत, जंगलाला लागून जमीन असलेले अनेक लोक त्या जमिनीचा एखादा तुकडा दरवर्षी नांगरतात, त्यात मका, सोयाबीन, गहू किंवा राय (गव्हासारखे एक धान्य; आपली राई-मोहरी नव्हे) पेरतात आणि पीक उभे राहिले की ते कापत नाहीत. ते पीक पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी असते. अशा तुकड्याला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. त्याचा आकार दहा गुंठ्यांपासून चार-पाच एकरांपर्यंत काहीही असू शकतो आणि तो बहुधा झाडीतल्या एखाद्या मोकळ्या जागेत किंवा मोठ्या शेताच्या जंगलाकडच्या कडेला असतो. ज्यांच्या तुरीत आणि हरभऱ्यात रोही, काळवीट आणि रानडुकरे रात्रभर चरून जातात, त्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वाचून क्लेश होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या परिस्थितीतून ही पद्धत उभी राहिली ती आपल्याहून वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पिकाच्या निवडीचा विचार समजत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेबंद शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे संपूर्ण अमेरिकेत ही हरणे अंदाजे पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती. १९०० साली झालेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा बसला, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. आज ही संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. लांडगे आणि प्यूमा बहुतेक प्रदेशातून नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या आवाक्यात ठेवण्याचे काम परवानाधारक, ठरावीक हंगामातील शिकारीवर येऊन पडले आहे. फूड प्लॉट करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक शिकारी आहेत. शरद ऋतूत हरणे नजरेच्या टप्प्यात यावीत हा त्यांचा एक हेतू असतो आणि आपल्या परिसरातील कळप वर्षभर सुदृढ राहावा हा दुसरा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे हा विषय आपल्याकडे आणता येणार नाही, आणि आणण्याचे कारणही नाही. ताडोबा किंवा मेळघाटात गावांच्या पुनर्वसनानंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर वनविभाग कुरणे विकसित करतो तेव्हा तिथे देशी गवते वाढवली जातात, कारण आपले चितळ प्रामुख्याने गवतावर जगते. अमेरिकेतील हरणाचे तसे नाही, आणि पीकनिवडीचा पहिला धागा तिथूनच निघतो.

पांढऱ्या शेपटीचे हरीण रवंथ करणारे असले, तरी गाई-म्हशींसारखे ढीगभर गवत खाऊन ते पचवत बसणारे नाही. त्याचे तोंड निमुळते असते, शरीराच्या मानाने कोटीपोट, म्हणजे जिथे चारा आंबतो तो पोटाचा पहिला कप्पा, लहान असते, आणि त्यामुळे ते वेचून वेचून कोवळी पाने, कळ्या, डहाळ्यांची टोके, फळे आणि ओकची फळे, म्हणजे एकोर्न, खाते. पक्व, राठ गवत त्याला जवळजवळ निरुपयोगी असते. तेच गवत कोवळे, दोन-चार इंचांचे असताना मात्र ते आवडीने खाते, कारण त्या अवस्थेत त्यात साखर व प्रथिने भरपूर आणि काष्ठतंतू कमी असतात. म्हणूनच गव्हाची ओंबी येण्याआधीची हिरवी रोपे हा त्याचा उत्तम चारा ठरतो आणि गव्हाचे पिवळे ताट ठरत नाही.

कोटीपोटातील सूक्ष्मजीवांचा संच हा त्या त्या ऋतूतील आहाराप्रमाणे बदलत असतो आणि या बदलाला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. जानेवारीत डहाळ्यांवर जगणाऱ्या हरणासमोर कोणी एकाएकी मक्याच्या दाण्यांचा ढीग ओतला, तर त्यातील पिष्टमय पदार्थ झपाट्याने आंबतो, कोटीपोटातील आम्लता वाढते आणि पोट भरलेले असताना ते हरीण दगावू शकते. आपल्याकडे गाईने धान्याच्या पोत्यात तोंड घातल्यावर जे आम्लधर्मीय अपचन होते, तोच हा प्रकार आहे. उभ्या पिकात हा धोका बराच कमी असतो, कारण दाणे भरू लागल्यापासून हरणे त्याची चव हळूहळू घेत असतात आणि पचनसंस्थेला जुळवून घ्यायला अवधी मिळतो. कडक हिवाळ्यात दया येऊन धान्य ओतणाऱ्यांना हे सांगणे फार आवश्यक आहे. चांगल्या हेतूने केलेल्या या कृतीने हरणे मरतात.

आता हरणाचे वर्ष पाहू. पिल्ले मुख्यतः मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये जन्मतात. त्या वेळी दूध पाजणाऱ्या मादीला आणि एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत शिंगे वाढवणाऱ्या नराला प्रथिने जास्त लागतात. आहारात ती १६ टक्क्यांच्या आसपास असली तर चांगले. नराची शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात आणि ती हाडाची असतात, त्यामुळे हा खर्च दरवर्षीचा असतो. उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबरमध्ये माजाचा काळ येतो, आणि त्या काही आठवड्यांत नर खाण्याकडे इतके दुर्लक्ष करतो की त्याचे वजन एक-पंचमांशापासून एक-चतुर्थांशापर्यंत घटते. त्यानंतर लगेच हिवाळा. हिवाळ्यात प्रथिनांची गरज उतरते आणि ऊर्जेची, म्हणजे पिष्ट आणि चरबी देणाऱ्या अन्नाची, गरज मोठी होते. पिकाची निवड करताना ‘हरणाला काय आवडते’ हा प्रश्न सर्वात आधी विचारला जातो, आणि माझ्या मते तो चुकीच्या क्रमाने विचारला जातो. आधी हे पाहावे लागते की आपल्या भागात हरणांची उपासमार कोणत्या महिन्यात होते, आणि मग हे की आपण पेरलेले पीक त्या महिन्यापर्यंत टिकेल का. आवडीचा प्रश्न त्यानंतरचा आहे. हरणाला सर्वाधिक आवडणारे पीक लहान तुकड्यात पेरले तर ते गरजेच्या महिन्याआधीच संपून गेलेले असते.

टिकणे न टिकणे हे ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते, तिची चर्चा बियाण्यांच्या आकर्षक पाकिटांवर क्वचितच सापडते. ती गोष्ट म्हणजे रोपाचा वाढबिंदू, अर्थात ज्या ठिकाणाहून नवी पाने फुटतात तो कोवळा भाग, जमिनीच्या वर आहे की खाली. सोयाबीन उगवताना आपली दोन्ही दलपत्रे घेऊन जमिनीबाहेर येते आणि वाढबिंदू त्या दलपत्रांच्या मध्ये, उघड्यावर असतो. हरणाने दलपत्रांच्या खालून रोप तोडले की ते रोप कायमचे संपते. दलपत्रांच्या वरून तोडले, तर बगलेतील डोळ्यांतून पुन्हा फूट येऊ शकते, पण पंधरा दिवसांच्या रोपाला रोज रात्री अशी छाटणी सोसत नाही. मक्याचे उलट आहे. मक्याचा वाढबिंदू पाच-सहा पाने येईपर्यंत, म्हणजे उगवणीनंतर सुमारे तीन ते पाच आठवडे, जमिनीच्या आत सुरक्षित असतो. वरची पाने कोणी खाल्ली किंवा हिमाने करपली तरी पोंग्यातून नवे पान वर येते. ज्वारीचीही सुरुवात अशीच सुरक्षित होते. गहू, ओट, राय, ट्रिटिकेल या बारीक धान्यांत तर हा बिंदू कांडे सुटेपर्यंत जमिनीच्या पातळीलाच राहतो आणि चरल्यावर त्यांना अधिक फुटवे येतात. हजारो वर्षे चरणाऱ्या प्राण्यांच्या सहवासात वाढलेल्या गवतकुळाने साधलेली ही रचना आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर अर्धी निवड आपोआप होते: चरल्यावर वाढणारे पीक लहान तुकड्यात चालते, चरल्यावर मरणारे पीक मोठ्या क्षेत्रातच चालते.

सोयाबीन हे या दुसऱ्या गटातील प्रमुख पीक आहे, आणि ते इतके गुणी आहे की त्याचा मोह आवरत नाही. ते धान्याबरोबरच डाळवर्गीय पीक असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतःच मिळवते. ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन झालेले नाही तिथे बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळणे मात्र अनिवार्य आहे. उन्हाळ्यात त्याच्या पानांत पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे दूध पाजणाऱ्या मादीला आणि शिंगे वाढवणाऱ्या नराला ज्या काळात जे हवे असते तेच ते देते. पुढे शेंगा वाळल्यावर त्यातील दाण्यात चाळीस टक्क्यांच्या जवळपास प्रथिने आणि वीस टक्क्यांच्या जवळपास तेल असते, आणि बर्फातून वर डोकावणाऱ्या या शेंगा डिसेंबर-जानेवारीत हरणांना ओढून आणतात. मधल्या सप्टेंबरात पाने पिवळी पडू लागतात तेव्हा हरणे काही आठवडे त्या शेताकडे पाठ फिरवतात. हे ठाऊक नसलेला माणूस नेमका त्याच वेळी निराश होतो. हे सर्व मिळण्यासाठी रोपे पहिल्या महिन्यात जगली पाहिजेत, आणि ज्या भागात हरणे दाट आहेत तिथे पाच एकरांहून लहान सोयाबीन बहुधा जूनमध्येच बुडख्यापर्यंत खाल्ले जाते. यावर एक उपाय म्हणजे तात्पुरते विजेचे कुंपण: बाहेर एक पट्टी आणि आत सुमारे तीन फुटांवर दोन तारांची दुसरी रांग. हरणाला सहज उंच उडी मारता येते, पण दोन रांगांमधील अंतराचा अंदाज त्याला नीट येत नाही, म्हणून ते उडी टाळते. शरद ऋतूत हे कुंपण काढून घेतात. खर्च आणि देखभाल दोन्ही करायची तयारी असेल तरच लहान तुकड्यात सोयाबीनचा विचार करावा, एरवी करू नये.

मका हिवाळ्यातील ऊर्जेचा राजा आहे. त्याच्या दाण्यात प्रथिने आठ-नऊ टक्केच असतात, पण सत्तर टक्क्यांहून अधिक पिष्ट असते, आणि कणीस जमिनीपासून तीन-चार फुटांवर असल्यामुळे दोन फूट बर्फ पडला तरी अन्न उघडे राहते. शिवाय उभा मका हा आडोसाही असतो. वाऱ्यापासून आणि माणसाच्या नजरेपासून लपायला हरणे त्यात दिवसा बसून राहतात. मात्र मका हे नत्राचे भुकेले पीक आहे. त्याला एकरी साधारण पन्नास-पंचावन्न किलो नत्र लागते, म्हणजे आपल्याकडच्या ४५ किलोच्या युरियाच्या अडीच गोण्यांहून थोडे अधिक. जमिनीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय पेरणी करता येत नाही, ओळीत नेमक्या अंतरावर पेरणारे यंत्र हवे, आणि पहिले पाच-सहा आठवडे तण काढले नाही तर कणसे बोटभर राहतात. फूड प्लॉटमधील मका शेजारच्या शेतातल्या मक्यासारखा दिसत नाही, याचे कारण बियाणे क्वचितच असते. नत्र आणि तण ही कारणे जवळजवळ नेहमी असतात.

मक्याच्या क्षेत्राचा हिशेब कागदावर मांडून पाहणे चांगले. समजा अर्धा एकर मका आहे आणि मध्यम देखभालीत त्यातून साडेसातशे किलो दाणे मिळाले. वीस हरणांनी रोज प्रत्येकी दीड किलो खाल्ले, तर तो साठा पंचवीस दिवसांत संपतो. यात रॅकून हे छोटे निशाचर प्राणी धरलेले नाहीत, आणि रॅकून कणीस दुधात असतानाच, ऑगस्टमध्ये, ताटे आडवी करायला सुरुवात करतात. खारी, कावळे, रानटर्की आणि काही राज्यांत काळी अस्वलेही वाटेकरी असतात. हरणे स्वतःसुद्धा कोवळ्या कणसाचे केस आणि टोके खातात, त्यामुळे दाणे भरणे खुंटते. फेब्रुवारीसाठी पेरलेला अर्धा एकर मका नोव्हेंबरात रिकामा झालेला असतो. दोन-तीन एकरांखाली केवळ धान्यासाठी मका पेरू नये असे माझे मत आहे, आणि आसपास हरणे फार असतील तर हा आकडा आणखी वर न्यावा.

ज्वारीकडे मराठी वाचकाचे लक्ष साहजिकच जाईल. टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्ससच्या कोरड्या पट्ट्यात मक्याऐवजी बुटकी, दाट कणसाची ज्वारी पेरतात. कॅन्सस हे तर अमेरिकेतील ज्वारीचे सर्वात मोठे उत्पादक राज्य आहे. पाण्याचा ताण ती मक्याहून पुष्कळ चांगला सोसते, नत्रही कमी मागते, आणि रॅकून तिचा मक्याइतका नाश करत नाहीत. हरणे तिचा पाला फारसा खात नाहीत; दाणा हुरड्यात आला की मात्र कणसे खुडू लागतात. पक्ष्यांपासून वाचावी म्हणून ज्या वाणांच्या दाण्यात टॅनिन अधिक ठेवलेले असते, ते वाण हरणांनाही तुरट लागतात आणि उशिरापर्यंत उभे राहतात. याला दोष म्हणावे की गुण, हे आपल्याला अन्न कोणत्या महिन्यात हवे आहे त्यावर ठरते. कोवळ्या, वाढ खुंटलेल्या किंवा हिमाचा फटका बसलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि आपल्याकडे ज्या कारणाने गुरांना पोंग्यातल्या ज्वारीत किंवा खोडव्यात सोडत नाहीत, त्याच कारणाने तिकडेही जनावरे असलेल्या शेतकऱ्याने काळजी घ्यावी लागते. पसंतीच्या क्रमात ज्वारी मक्याच्या खाली आहे हे खरे, पण हलक्या, कोरड्या जमिनीत भरलेली ज्वारी ही करपलेल्या मक्याहून कितीतरी मोलाची असते.

इथवरची पिके वसंतात पेरून हिवाळ्यात दाण्याच्या रूपाने उपयोगी पडणारी आहेत. ओट, गहू, राय आणि ट्रिटिकेल यांची गोष्ट वेगळी आहे. ती उन्हाळ्याच्या अखेरीस पेरतात आणि दाण्यासाठी पेरतच नाहीत. हरणे त्यांचा हिरवा पाला खातात, आणि त्या कोवळ्या पाल्यात वीस टक्के किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात. ज्याच्याकडे एक एकर किंवा त्याहून कमी जागा आहे, ट्रॅक्टर नाही आणि हरणे पुष्कळ आहेत, त्याच्यासाठी हाच मार्ग योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यांपैकी ओट हरणांना सर्वात प्रिय असते. ते चार-पाच दिवसांत उगवते, पाला रसदार असतो, आणि ऑक्टोबरच्या शिकारीच्या हंगामात त्याच्यासारखे आकर्षण दुसऱ्या धान्याचे नाही. मात्र उणे आठ-दहा अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत ते जळते, त्यामुळे विस्कॉन्सिन-मिशिगनमध्ये ते नोव्हेंबरअखेर संपलेले असते. अलाबामात तेच पीक सौम्य हिवाळ्यात बराच काळ हिरवे राहते. गहू त्याहून काटक आहे आणि चवीत ओटच्या थोडाच मागे. तो पेरताना बिनकुसळी वाण निवडावा, म्हणजे वसंतानंतर ओंब्या राखल्या तर हरणे आणि टर्की त्याही खाऊ शकतात. राय हे तिघांत सर्वात चिवट. जमिनीचे तापमान एक-दोन अंश असतानाही ते उगवते, उणे पंचवीस अंशांची थंडी काढते, वाळूसारख्या आणि आम्लधर्मी जमिनीत तग धरते, आणि बर्फ वितळताच मार्चमध्ये, जेव्हा जंगलात दुसरे काहीही हिरवे नसते, तेव्हा ते वाढू लागते. बियाणे नुसते फोकून पाऊस येण्याआधी जमिनीवर टाकले तरी ते बऱ्यापैकी उगवते. त्याच्या मुळांतून व अवशेषांतून सुटणारी द्रव्ये इतर बियांची उगवण रोखतात, म्हणून तणांवरही ते भारी पडते. चवीत ते गव्हाच्या खाली मानले जाते, पण फेब्रुवारी-मार्चच्या उपाशी हरणाला जे उपलब्ध आहे तेच गोड लागते. ट्रिटिकेल हा गहू आणि राय यांचा संकर असून गुणांतही तो दोघांच्या मधला आहे. सातू खारवट जमीन सोसतो, एरवी फूड प्लॉटमध्ये त्याचे प्रयोजन थोडे. दुकानात बियाणे घेताना एक काळजी आवर्जून घ्यावी: धान्याचे राय आणि लॉनसाठी विकले जाणारे रायग्रास ही दोन निराळी पिके आहेत, आणि चुकून रायग्रास पेरले गेले तर ते त्या जागेतून काढताना वर्षे जातात.

एकट्या धान्यापेक्षा मिश्रण बहुधा बरे पडते. उत्तरेत ओट आणि राय मिळून पेरले, तर ओट ऑक्टोबर सांभाळते आणि राय पुढचा मार्च. त्यांच्याबरोबर थोडे लाल क्लोव्हर (बरसीमच्या कुळातले चारापीक) टाकले, तर ते राय कापल्यावर उन्हाळ्यात वर येते आणि नत्रही जमिनीत सोडते. एकट्या गव्हाला वा रायला एकरी ४५ ते ५० किलो बियाणे लागते, म्हणजे आपण बागायती गव्हाला साधारण वापरतो तेवढेच. मिश्रणात प्रत्येकाचे प्रमाण त्या हिशेबाने कमी करावे. पेरणीची वेळ पहिल्या कडक हिमाच्या सहा-आठ आठवडे आधीची धरतात: उत्तरेत मध्य ऑगस्ट ते सप्टेंबरचा आरंभ, दक्षिणेत सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर. फार लवकर पेरले तर पाला राठ होतो, आणि दक्षिणेत कोवळ्या गव्हा-ओटवर लष्करी अळी तुटून पडते. ही तीच अमेरिकन लष्करी अळी आहे जी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातील मक्यात पसरली. तिच्या मायदेशी ती दर उन्हाळ्यात फ्लोरिडा-टेक्सासकडून उत्तरेकडे स्थलांतर करते. गव्हाला हेसियन माशीचाही उपद्रव होतो, म्हणून तिकडची कृषी विस्तार केंद्रे प्रत्येक भागासाठी ‘माशीमुक्त तारीख’ जाहीर करतात. त्याआधी गव्हाची पेरणी केली तर ही माशी आपल्या तुकड्यावर वाढून शेजारच्या शेतकऱ्याच्या गव्हात जाते. ओटवर ती येत नाही. आपल्याला धान्य विकायचे नसले तरी शेजाऱ्याला विकायचे आहे, ही जाणीव ठेवून ती तारीख पाळली पाहिजे.

उत्तर आणि दक्षिण यांतला फरक आणखी एका दृष्टीने महत्त्वाचा आहे. मिशिगनमध्ये उपासमारीचा काळ जानेवारी ते मार्च असतो, त्यामुळे बर्फाच्या वर राहणारे दाणे आणि बर्फ वितळताच फुटणारे राय यांना तिथे मोल आहे. जॉर्जिया आणि अलाबामात थंडी सौम्य असते. तिथे अडचणीचा काळ बऱ्याचदा ऑगस्ट-सप्टेंबर असतो, जेव्हा उष्णतेने जंगलातील पाला जून, राठ झालेला असतो आणि माद्या अजून पाजत असतात. तिथे उन्हाळी सोयाबीन किंवा चवळी जे काम करते ते हिवाळी मका करू शकत नाही. एका राज्यातील यशस्वी शिफारस दुसऱ्या राज्यात जशीच्या तशी उचलणे हे या क्षेत्रातील अपयशाचे फार मोठे कारण आहे. आणि ज्या वर्षी पांढऱ्या ओकला भरघोस फळे येतात, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कोणतेही पीक असो, हरणे जंगलातच राहतात. त्यावरून पीक वाया गेले असा निष्कर्ष काढू नये. एकोर्न संपले की ती येतात.

जमिनीबद्दल थोडक्यात. जंगलातली मोकळी जागा बहुधा आम्लधर्मी असते. मका आणि सोयाबीनला सामू सहा ते सातच्या दरम्यान लागतो. राय साडेपाचच्या खालीही निभावून नेते. माती परीक्षण प्रत्येक राज्यातील कृषी विद्यापीठाच्या विस्तार सेवेमार्फत अल्प शुल्कात होते, आणि अहवालात चुन्याची मात्राही सांगितलेली असते. चुन्याला परिणाम दाखवायला काही महिने लागतात, त्यामुळे तो पेरणीच्या दिवशी टाकून भागत नाही. सावली हा दुसरा अडथळा आहे: दिवसातून चार तासही ऊन न मिळणाऱ्या जागी मका पेरणे म्हणजे बियाणे फुकट घालवणे, तिथे राय आणि क्लोव्हर एवढीच अपेक्षा ठेवावी.

कायद्याची बाजू पीकनिवडीशी थेट जोडलेली आहे. उभे पीक आणि ओतलेले धान्य यांत अनेक राज्ये स्पष्ट भेद करतात. मिनेसोटा आणि इलिनॉयमध्ये धान्य टाकून त्यावर हरणाची शिकार करणे बेकायदा आहे, परंतु शेतीच्या रीतीने पेरलेल्या उभ्या पिकाजवळ शिकार करता येते. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर दोन्ही चालते. या भेदामागे रोगाचेही कारण आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेला आणि आता तीसहून अधिक राज्यांत पोहोचलेला क्षयकारी रोग, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो. तो लाळ, मूत्र आणि विष्ठेतून पसरतो, त्यावर उपचार नाही, आणि ही प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. धान्याच्या एका ढिगावर दहा-वीस हरणे तोंडाला तोंड लावून खातात तेव्हा संसर्गाची शक्यता वाढते. पसरलेल्या उभ्या पिकात ती दाटी कमी होते, नाहीशी होत नाही. त्यामुळे रोगग्रस्त जिल्ह्यात अगदी चिमुकला, सर्व हरणांना एकाच जागी खेचणारा तुकडा करण्यापेक्षा थोडे मोठे क्षेत्र, किंवा विखुरलेले दोन-तीन तुकडे करणे अधिक जबाबदारीचे आहे. ढीग करून ठेवलेल्या ओल्या मक्यावर बुरशीचे अफ्लाटॉक्सिन वाढते आणि ते टर्कींना विशेष घातक ठरते, हाही दाणे ओतण्याविरुद्धचा आणखी एक मुद्दा.

ज्यांच्याकडे चार-पाच एकर आहेत, त्यांनी एकाच पिकावर सगळे क्षेत्र लावू नये. अर्ध्यात मका आणि अर्ध्यात सोयाबीन घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांची अदलाबदल केली, तर सोयाबीननंतरच्या मक्याला नत्र कमी द्यावे लागते आणि कीड-रोगांचे चक्रही तुटते. सोयाबीनची पाने पिवळी पडू लागताच, ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात, उभ्या पिकातच राय फोकून देण्याची एक सुंदर पद्धत आहे. गळणारी पाने बियाण्यावर पडून ओलावा धरतात, ज्या ओळी हरणांनी उन्हाळ्यात खाऊन मोकळ्या केल्या त्या राय भरून काढते, आणि हिवाळ्यात एकाच जागी वर शेंगा आणि खाली हिरवा पाला असे दोन प्रकारचे अन्न उभे राहते. ज्या महिन्यात सोयाबीन नावडते होते, नेमकी ती पोकळीही यातून भरून निघते.

पेरणीच्या दिवशीच प्रत्येक तुकड्यात जाळीचा एक पिंजरा रोवून ठेवावा: तीन-चार फूट व्यासाचा, चार-पाच फूट उंच, खुंटीने पक्का बांधलेला. आतील पिकाला हरणांचे तोंड लागत नाही, त्यामुळे आत आणि बाहेर यांतील उंचीचा फरक म्हणजे हरणांनी किती खाल्ले याचे सरळ माप. पिंजऱ्यात सोयाबीन गुडघाभर आणि बाहेर नुसते बुडखे असतील, तर बियाण्याला किंवा जमिनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे हरणे क्षेत्राच्या मानाने जास्त आहेत आणि पुढच्या वर्षी एकतर क्षेत्र वाढवावे, कुंपण घालावे, किंवा सोयाबीन सोडून राय-गव्हाकडे वळावे, आणि त्या भागात माद्यांच्या शिकारीचे परवाने पुरेसे वापरले जात आहेत का हेही पाहावे. आत आणि बाहेर दोन्हीकडे पीक सारखेच खुजे असेल, तर माती परीक्षणाचा अहवाल पुन्हा उघडावा. आणि दोन्हीकडे पीक सारखेच जोमदार असेल, तर हरणांना सध्या त्याची गरज नाही. अशा वेळी फेब्रुवारीपर्यंत थांबून, बर्फात उमटलेल्या खुणा पाहून मगच त्या पिकाबद्दलचा निर्णय घ्यावा.